भिंतीच्या आतले पाणी



चैत्र सरता सरता पाबळच्या बाजूला विहिरींचे तळ दिसू लागतात. सह्याद्रीने अडवलेल्या पावसातून जे उरते ते शिरूर तालुक्याच्या वाट्याला येते, आणि तेही दरवर्षी पुरेसे येईलच असे नाही. अशा गावात पुण्यातली नोकरी संपवून परतलेले एखादे जोडपे डोळ्यांपुढे आणा. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, म्हणून नाव कुणाचेच घेत नाही.

दोघांचा दिवस पाण्याभोवती फिरतो. नळ कधी येणार याचा अंदाज, टँकरच्या हॉर्नकडे कान. तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला जाते. आजोबा अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात. आजींच्या मते तीही जास्तच. शेवटी फंडाच्या पैशांतून आवारात बोअर घेतली जाते आणि नशिबाने पाणी लागते. आवाराला भिंत आहे, भिंतीला फाटक आहे. दुसऱ्या दिवसापासून शेजारची बाई हंडा घेऊन फाटकाशी उभी राहू लागते. आजी तिला कधीच रिकाम्या हाती पाठवत नाहीत.

आता प्रश्न असा की, आजी जे देतात ते दान आहे की त्या बाईचा वाटा?

कायदा बराच काळ आजींच्या बाजूने होता. ब्रिटिश अमदानीतल्या १८८२ च्या ईझमेंट कायद्याने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार जमीनमालकाला दिला. पुढे १९९३ साली महाराष्ट्राने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची तर परवानगी हवी, अशी अट घातली. पण खडकाला सातबारा कळत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी हौदासारखे साठत नाही; ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असते. भेग भिंतीखालून पलीकडे जाते. आजींच्या बोअरचे पाणी कदाचित त्या शेजारणीच्याच आटलेल्या आडाकडे निघाले होते.

पाबळला ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने समजून घेणारे एक जोडपे खरोखर होऊन गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधील शास्त्रज्ञ. मुदतीआधीच नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि पत्नी मीराताईंसह तिथेच राहिले. गाव दुष्काळी आहे हे माहीत असूनच त्यांनी ते निवडले होते. शाळा सुटलेली मुले तिथे हाताने काम करत शिकली. जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजायचा आणि खाली पाणी असेल का याचा अंदाज बांधायचा, हेही त्या शिक्षणात आले. कलबाग २००३ मध्ये वारले, आश्रम पुढे चालू राहिला. हे ज्ञान फी घेऊन बंगल्यात ठेवता आले असते, ते त्यांनी गावातल्या पोरांच्या हाती दिले. मात्र ते यंत्र पाणी कुठे आहे एवढेच सांगते, कुणाचे आहे ते सांगत नाही.

ते सांगण्यासाठी संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे जावे लागते. मालमत्ता खाजगी असायला त्यांची हरकत नव्हती. माणूस स्वतःच्या वस्तूची काळजी अधिक घेतो, भांडणे कमी होतात, हे ते मान्य करतात. पण मिळवणे व सांभाळणे वेगळे आणि वापरणे वेगळे. वापराच्या वेळी ती वस्तू सर्वांची मानली पाहिजे, आणि जीव टांगणीला लागेल अशी गरज असेल तर ती गरजवंताचीच होते. प्रवचनात हे सांगितले की माना डोलतात. फाटकाशी उभे राहून ऐकायला मात्र ते जड जाते.

आजोबा म्हणतील, "आम्ही दोन बादल्या वापरणारी म्हातारी माणसे. वर ऊसवाला रात्रंदिवस मोटर चालवतो, त्याला विचारा की!" हे खोटे नाही, आणि दोघांचा दोष सारखाही नाही. पण दोघांचा दावा एकच आहे : माझ्या जमिनीखालचे ते माझे. हाच दावा आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी मोडून दाखवला. १९७२ च्या दुष्काळाने हा पुण्याचा उद्योजक नायगावला ओढला गेला, पत्नी कल्पनाताईही त्या कामात उतरल्या. त्यांच्या पाणी पंचायतीने पाणी एकरावर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटले. भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस बंद ठेवला. तिथे हंडा घेऊन कुणाच्या दारात जायचे कारणच उरले नाही, कारण वाटा आधीच ठरलेला होता. खर्चाचा हिस्सा प्रत्येकाने भरायचा होता, हेही विसरू नये. फुकट काहीच नव्हते.

तेवढी व्यवस्था एका घराला उभी करता येत नाही. पण तोटी भिंतीच्या आत ठेवायची की पाइप काढून रस्त्याच्या अंगाला बसवायची, हे ठरवता येते. आत असेल तर शेजारणीला रोज हाक मारावी लागते. आजींची दुपारची झोप झाली असेल का, परवाच्या कुरबुरीनंतर आज जावे का, हे मनात घोळवावे लागते. बाहेर असेल तर थोडे पाणी सांडेल, कुणी एखादा हंडा जास्त नेईल, आणि विजेचे बिल आजोबांच्याच नावावर येईल. बिल वाटून घेता येईल. त्यासाठी आधी एका संध्याकाळी चार घरांना ओट्यावर बोलवावे लागेल.