पाट फुटतो तेव्हा

एका गावात एक शेतकरी राहत होता. पहाटे उठून, अंघोळ करून तो देवासमोर मांडी घालून बसायचा आणि डोळे मिटून नाम घ्यायचा. दोन-चार वेळा नाम घेतो न घेतो तोच मन सोसायटीच्या कर्जावर जायचं. तिथून लेकीच्या सासरी, तिथून आजारी बैलाकडे. भानावर आला की तो स्वतःवरच चिडायचा. अशी तीन वर्षं गेली. शेवटी एके दिवशी त्याने आसन गुंडाळून फळीवर ठेवून दिलं.

त्याच हिवाळ्यात पैठणला पायी निघालेला एक म्हातारा साधू त्याच्या वस्तीवर मुक्कामाला थांबला. जेवताना शेतकऱ्याने आपलं दुखणं सांगितलं. साधूने ऐकून घेतलं, बोलला काहीच नाही.

त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. शेतकरी गव्हाला पाणी द्यायला निघाला, तसा साधूही घोंगडी पांघरून बांधावर येऊन बसला.

मोटर सुरू झाली. पाटाला पाणी आलं. एक वाफा भरला की शेतकरी दारं मोडायचा आणि पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचा. पण पाणीच ते! कधी उंदराच्या बिळात शिरायचं, कधी पाटाची कड फोडून निघायचं. शेतकरी जायचा, दोन फावडी माती टाकायचा, पायाने दाबायचा आणि परत यायचा. पुन्हा फुटायचं, पुन्हा जायचा. थंडीने पाय बधिर झाले तरी त्याचं चाललंच होतं.

पहाटे शेवटचा वाफा भरला.

"किती वेळा फुटलं रे पाणी?" साधूने विचारलं.

"कोण मोजतंय, महाराज?"

"राग नाही आला?"

"पाण्याचा कसला राग? वाहणं त्याचा स्वभावच आहे."

"आणि बांधाबाहेर गेलं ते?"

"गेलं ते गेलं. त्याच्यामागे पळालो तर इकडे सगळा पाट फुटेल."

साधू हसला. "मग देवासमोर बसतोस तेव्हा हे शहाणपण कुठे ठेवतोस?"

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे. मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरायचं कसं, असं तो विचारतो. मन चंचल आहे हे कृष्णाला मान्यच आहे. तो दोन साधनं सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. मन जिथे जिथे जाईल, तिथून तिथून ते परत आणायचं, हा अभ्यास. वैराग्य म्हटलं की आपल्याला घरदार सोडणं आठवतं. पण वाहून गेलेल्या पाण्यामागे न पळणं हेही वैराग्यच. मन हललं म्हणजे ध्यान मोडलं, असं समजून किती भली माणसं आसन गुंडाळून ठेवतात, याची मला फार हळहळ वाटते.

उजाडता उजाडता साधू वाटेला लागला. शेतकऱ्याने पाय धुतले, फळीवरचं आसन काढून झटकलं आणि तो बसला. नखांत अजून चिखल होता. थोड्याच वेळात मन सोसायटीच्या कर्जावर गेलं. त्याने ते परत आणलं.