चुन्याचे दगड

घोलवडला एका म्हाताऱ्याची चिकूची वाडी होती. वाडीच्या एका कोपऱ्याला त्याने चुना फासलेले दगड पुरले होते. पंपघर, गोदाम, गोठा, काय बांधायचं ते दगडांच्या आत. बाहेर फक्त झाडं.

एकदा थोरला म्हणाला, "बाबा, चिकूच्या चकत्या वाळवायला शेड हवी. दगडांबाहेरची दोनच झाडं जातील." मग धाकटा टेम्पोसाठी जागा मागायला आला, त्याचं एकच झाड. जावई तर नुसत्या फांद्या छाटून भागवणार होता. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

म्हातारा म्हणाला, "एकेकटे येऊ नका. तिघांचं एकत्र मोजून सांगा."

मोजायला बसल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याची मागणी अवाजवी वाटू लागली. शेवटी थोरल्याला गोदामाचं रिकामं छप्पर दिसलं. चकत्या तिथेच वाळल्या. टेम्पो गोठ्यामागे मावला.

पुढे 1991 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून घोलवडच्या अख्ख्या डहाणू तालुक्यालाच असे दगड पुरले. कारखान्यांचे हिरवा, नारिंगी, लाल असे वर्ग पाडले. लाल वर्गाला मज्जाव, आणि बाकीच्यांना सगळी मिळून जास्तीत जास्त 500 एकर जागा. धाकटा कुरकुरला, "एका कारखान्याने काय बिघडणार होतं?"

म्हाताऱ्याने विचारलं, "असं म्हणणारे तालुक्यात किती आहेत?"

पण चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी कुणीतरी फासावा लागतो. अधिसूचनेचंही तेच. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं, तेव्हा कुठे राखणीला माणूस मिळाला. 1998 मध्ये या प्राधिकरणाने तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराला नकार दिला. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला संमती दिली. तोवर म्हातारा गेला होता, धर्माधिकारीही.

त्याच वर्षी थोरल्याचा मुलगा बापाकडे आला. त्याला दगडांबाहेर पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. "एवढं मोठं बंदर येतंय, बाबा. आपल्या दोन खोल्या कुणाच्या डोळ्यांवर येणार?"

थोरला म्हणाला, "काकाकडे जा, आत्याकडे जा. त्यांच्या पोरांना काय काय हवंय ते लिहून आण. मग बोलू."