उत्तर येईपर्यंत

बसा. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. हातात काही काम असेल तर तेवढं बाजूला ठेवा. आज एका प्रश्नाजवळ थांबायचंय. प्रश्न विचारून झाल्यावर आणि उत्तर येण्याआधी जो वेळ जातो, त्याच्याजवळ जरा जास्तच थांबायचंय.

प्रश्न साधा आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस नाही, कशात आनंद नाही, असं किती वेळा झालं? उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. असे नऊ प्रश्न, जास्तीत जास्त बेरीज २७. २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आज जगभर नैराश्य मोजायला वापरतात. नाशिकमध्ये मधुमेहाच्या ओपीडीबाहेर केस पेपर हातात घेऊन बसलेल्या बाईला ती विचारणं हे माझं काम. हुद्दा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, पण सगळे ताईच म्हणतात. साखर का वाढली याचं उत्तर आमच्या अभ्यासात रक्तात शोधतात, तसंच उडालेल्या झोपेत, मिसरीच्या सवयीत, चुकलेल्या गोळीत आणि घरातल्या ताणातही शोधतात.

आता हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. घाई नको. मन लगेच म्हणेल, तसं काही नाही, चाललंय. त्याला तसं म्हणू द्या आणि थांबा. मग कालचा दिवस आठवा. परवाचा. गेल्या आठवड्यात एखादी सकाळ अशी होती का, की उठून चहा टाकायचंही जिवावर आलं? अशा सकाळी किती? दोन? पाच? मोजताना आत काहीतरी आक्रसतं, ते जाणवू द्या. स्वतःशी, कोणी ऐकत नसतानाही, खरा आकडा ओठांवर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ समोरच्या माणसालाही लागतो. शिवाय त्याच्यासमोर अनोळखी बाई पेन उघडून बसलेली असते.

आता माझ्या जागी या. समोर पन्नाशीची बाई आहे. पदर सारखा करत ती म्हणते, "बरंय की ताई." आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघते. उत्तर बरोबर आलं का, हे ती तुमच्या चेहऱ्यावर शोधतेय. अशा वेळी मान हलवावीशी वाटते. "हो ना, बरं वाटतंय ना आता?" असं म्हणावंसं वाटतं. त्या ओढीकडे नीट बघा. तिच्यात माया आहे, पण आपली सुटका करून घ्यायची इच्छाही आहे. समोरची बरी असली तर आपल्यालाही बरं वाटणार असतं.

मान हलवायची नाही. प्रश्न त्याच शब्दांत, त्याच सुरात पुन्हा वाचायचा आणि थांबायचं.

यामागे कारण आहे. गोव्यात संगथ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मोठा अभ्यास केला. नैराश्यानं त्रासलेल्या माणसांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. काहींना त्यासोबत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी घरच्या-दारच्या छोट्या कृतींकडे परत वळायला मदत केली. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले: समुपदेशन मिळालेल्यांमध्ये जास्त लोक सावरले होते. तीन महिन्यांनी मोजमाप करणाऱ्यांना कोण कोणत्या गटातलं हे कळू दिलं नव्हतं, म्हणून या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. मोजणारीनं एका गटाला हसून विचारलं आणि दुसऱ्याला कोरडं, तर आकड्यांतला फरक उपचाराचा की तिच्या हसण्याचा, हे कोणी सांगायचं?

आमच्या अभ्यासातही कोण कोणत्या गटातलं हे मला कळायचं नसतं. पेशंट मात्र मनापासून बोलून जातात. "तुमच्या बाईंनी सांगितलेलं रोज करते हो ताई." बाई म्हणजे समुपदेशक; गट कळला. हे कानावर पडलं, असं फॉर्मवर नोंदवायचं आणि पुढचा प्रश्न आधीच्याच सुरात विचारायचा.

इथे एक श्वास घ्या, आणि एका छोट्या गोष्टीकडे बघा. तिनं आधी "काही दिवस" म्हटलं. तुम्ही १ लिहिला. मग ती थांबली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, रोजच होतं तसं." आता १ खोडायचा. व्हाइटनर चालत नाही, गिरवून काळा करायचा नाही. एकच आडवी रेघ, अशी की खालचा १ वाचता आला पाहिजे. शेजारी ३, सही, तारीख. तपासायला येणाऱ्याला कळावं म्हणून हा नियम आहे, हे खरं. मला मात्र त्या रेघेखालच्या १ बद्दल आदर वाटतो. आधी ते म्हणणं आणि मग हे म्हणणं यांच्यामध्ये तिला किती बळ गोळा करावं लागलं असेल. ते दोन्ही आकडे कागदावर राहतात.

नवव्या प्रश्नाशी जरा सावकाश या. जगण्यापेक्षा मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार आले का, हे त्यात विचारतात. इथेही शब्द तेच, सूर तोच. पण उत्तर शून्य नसेल, तर तटस्थपणा तिथेच संपतो. पेन खाली. तिला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना तिथेच बोलवायचं, घरचं विश्वासाचं माणूस कोण ते तिलाच विचारायचं, टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्यायचा. अभ्यासाचं जे व्हायचं ते होवो. इतका वेळ मान न हलवणारी बाई या क्षणी हात धरू शकते, आणि मला वाटतं, आधीचा संयम खरा असेल तर हा हातही खरा वाटतो.

ऐकण्याचे प्रकारही वेगळे असतात. आपल्याच जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या ४१ गावांमध्ये २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्यामागे होतं. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचं दुःख ओळखायची, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायची, चार ते सहा भेटींत धीर द्यायची, गरज पडली तर दवाखान्याची वाट दाखवायची. पुढे हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. तो शेजारी ओळखीचा, मी कागद घेऊन आलेली परकी. मला त्या शेजाऱ्याचा हेवा वाटतो. पण कोणीतरी परकं येऊन, तेच शब्द वापरून, फरक पडला का हे मोजलं नाही, तर एका तालुक्यातलं चांगलं काम दुसऱ्या जिल्ह्याला कशाच्या बळावर सांगणार?

शेवटी, तेच प्रश्न पुन्हा विचारायचा तिसऱ्या महिन्याचा फोन. पेठ-सुरगाण्याकडची कितीतरी कुटुंबं पावसाळा सरला की द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. फोन लागतो तेव्हा मागे माणसांचे आवाज असतात, मुकादम जवळच असतो. पहिलं विचारायचं ते हे, की आत्ता मोकळं बोलता येईल का. नसेल तर वेळ ठरवायची, रात्री, बिऱ्हाडावर परतल्यावर. तोवर रकाना रिकामा. अंदाजानं भरायचा नाही, मागच्या वेळचा आकडा उचलून ठेवायचा नाही.

आणि कधी ती म्हणते, "आता नको ताई." संमतिपत्र वाचून दाखवलं तेव्हाच सांगितलेलं असतं, की कधीही सोडता येईल, कारण न देता. सही येत नव्हती म्हणून तिनं अंगठा दिला तेव्हा साक्षीदारही समोर होता. तर कारण विचारायचं नाही. सोडल्याची तारीख लिहायची. गोळ्या आणि तपासणी पूर्वीसारखीच चालू राहणार, हे तिला स्वच्छ सांगायचं, आणि साखर तपासायला कोणत्या दिवशी यायचं ते पुन्हा एकदा सांगून फोन ठेवायचा.