तुमच्याबरोबर येते हं

परवा संध्याकाळी मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्यावर एक आजी माझ्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. हातात भाजीची पिशवी. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘‘तुमच्याबरोबर येते हं.’’ गाड्या उजवीकडून येत होत्या, म्हणून त्या डावीकडे. दुभाजक ओलांडला तशा गुपचूप माझ्या उजव्या हाताला सरकल्या. धडक बसलीच तर आधी कुणाला बसायची, याचा निकाल त्यांनी दोन्ही वेळा चोख लावला होता.

एकटा असतो तेव्हा मी असा थांबत नाही. बस आणि रिक्षा यांच्यामध्ये फट दिसली की सुटतो. त्या दिवशी मात्र चांगल्या दोन-तीन फटी सोडल्या. आजीच शेवटी वैतागल्या असाव्यात.

मग तळहात वर करून निघालो. हा हात मुंबईत लहानपणीच उचलायला शिकतात. गंमत अशी, की त्या हाताने आपण जे मागतो ते आपलंच आहे. झेब्रा पट्ट्यांपाशी वेग कमी करून, गरज पडली तर थांबून चालणाऱ्याला वाट द्यावी, असं केंद्राच्या 2017 च्या वाहनचालक नियमांत लिहिलेलं आहे. चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं. तरी एखादा गाडीवाला थांबला की आपण मान तुकवून त्याचे आभार मानतो. मीही मानले.

अशा वेळी मला अंधेरीचा गोखले पूल आठवतो. 3 जुलै 2018 च्या पावसाळी सकाळी त्याचा एक भाग खाली रेल्वेच्या रुळांवर कोसळला. कोसळला तो फूटपाथ. गाड्यांचा पूल जागेवर उभा होता. पायी चालणाऱ्यांची पट्टी मूळ पुलाच्या बाहेर काढलेल्या आधारांवर तोललेली, आणि तिच्यावरच वर्षानुवर्षं केबल आणि पेव्हर ब्लॉकचं ओझं चढत गेलेलं. त्या दुर्घटनेत दोघांचा जीव गेला. पुढे पूल पाडून नवा बांधला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू उघडली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीने जुळेना. त्यावर आपण पोटभर हसलो. नवा फूटपाथ कसा झालाय, असं मी तरी कुणाला विचारल्याचं आठवत नाही.

स्कायवॉकचंही तेच. वांद्र्याला 2008 मध्ये पहिला झाला, मग उपनगरांत त्यांची रांगच लागली. खालच्या गाडीला ब्रेक लावावा लागू नये म्हणून गुडघे दुखणाऱ्या बाईने जिने चढायचे! आजींना हे सुचवून पाहायला हवं होतं.

हे सगळं मनाशी घोळवत मी दोन दिवसांनी रिक्षातून घाटकोपरला निघालो होतो. उशीर झाला होता. एलबीएस रोडवर झेब्रा पट्ट्यांपाशी रिक्षावाल्याने ब्रेक मारला. समोर दप्तरं घेतलेली दोन मुलं, त्यातल्या मोठ्याचा तळहात वर. माझ्या तोंडून गेलं, ‘‘अहो, काढा ना पुढे.’’

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ‘‘थांबा जरा, पोरं जातायत.’’

मी मीटरकडे बघत बसलो.