सशाचा अपराध

ससा हा शब्द उच्चारतांच आपल्या मनापुढें भित्रेपणाचें चित्र उभें राहतें. पाठीवर पान पडलें म्हणून आभाळ कोसळल्याची आवई उठविणारा ससा, कासवाशीं पैज लावून वाटेंत निजणारा ससा, आणि फार तर सिंहाला विहिरीपाशीं नेणारा पंचतंत्रांतील चतुर ससा. यांपैकीं एकहि कोणाला चावल्याचें आपण लहानपणीं ऐकलेलें नाहीं. म्हणून हौसेनें घरीं आणलेला ससा जेव्हां कान मागें पाडून गुरगुरतो, अंगावर धांवून येतो आणि बोटाचा चावा घेतो, तेव्हां मंडळींना दुखापतीपेक्षां फसवणूक झाल्याचेंच दुःख अधिक होतें. कुत्रा चावला तर आपण सावध नव्हतों असें म्हणतों. ससा चावला तर तो कृतघ्न ठरतो. या निवाड्यांत न्याय किती आणि अन्याय किती, याचा विचार करण्याची वेळ एका घरगुती प्रसंगानें आमच्यावर आणली.

आमचे एक स्नेही अंबरनाथ तालुक्यांतील जांभूळ येथें राहतात. बारवी धरणाचें पाणी जेथें शुद्ध होऊन आसपासच्या कारखान्यांस व शहरांस जातें, तेंच हें गांव. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीनें हट्ट धरला म्हणून त्यांनीं बाजारांतून सशाची एक पांढरी मादी आणली. तीन-चार महिने सर्व सुरळीत चाललें. पुढें पिंजऱ्यांत हात घातला कीं ती गुरगुरून पुढच्या पायांनीं मारूं लागली, आणि एके दिवशीं तिनें मुलीच्या बोटास कडकडून चावा घेतला. घरांत लगेच मतभेद झाले. आजोबा म्हणाले, बारवीच्या बाजूस रान आहे, तिकडे सोडून द्या, बिचारी मोकळी होईल. आई म्हणाली, जेथून आणली तेथें परत करा. मुलगी मात्र एकच प्रश्न विचारीत होती, "ती वाईट झाली का?"

आम्ही महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवितों, तेव्हां सशांविषयींहि आम्हांस कांहीं कळत असेल, असा आमच्या स्नेह्यांचा समज. आणि तो दूर करण्याचा प्रामाणिकपणा त्या दिवशीं आम्हांस झाला नाहीं. ती अंगावर आली कीं नाकावर टिचकी मारावी, शिक्षेवांचून शिस्त लागत नाहीं, असा सल्ला आम्हीं दिला. आठवड्याभरानें निरोप आला कीं गुण आला. आतां ती कोपऱ्यांत गुपचूप बसून असते. आम्हांस समाधान वाटलें. आणखी चार दिवसांनीं कळलें कीं तिनें अन्न टाकलें आहे. पशुवैद्यानें तोंड उघडून पाहिलें, तों दाढांना अणकुचीदार टोकें येऊन जिभेस जखम झालेली. जिला आम्ही शिस्त म्हणत होतों, ती वेदनेनें आणि धास्तीनें आलेली मूकता होती. ज्या तोंडाला आधींच ठणका लागला होता, त्याच तोंडावर आमच्या सल्ल्यानें टिचक्या बसत होत्या.

१३८६ सालीं नॉर्मंडींतील फालेझ येथें एका बालकाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीवर रीतसर खटला चालवून तिला फांशी देण्यांत आलें. ही हकीकत वर्गांत सांगितली म्हणजे विद्यार्थी हंसतात, आणि आम्हीहि हंसत आलों आहों. पण सशाच्या नाकावर टिचकी मारण्यास सांगणारा मनुष्य त्या न्यायाधीशाच्याच पंक्तीचा नव्हे काय? अपराध म्हणण्यास निराळें वागतां येत असतांहि वाईट तेंच निवडलें, एवढें तरी सिद्ध झालें पाहिजे. सशानें कांहीं निवडलेलें नाहीं. पिंजरा नाहीं, पाव-बिस्किटांचा आहार नाहीं, आणि आपला सहवासहि नाहीं. उलट टोंकास देकार्त याचें मत आहे कीं, पशु म्हणजे केवळ यंत्र. यंत्राकडे अपराध नाहीं, पण मग त्याच्याविषयीं आपलें कर्तव्यहि उरत नाहीं. मौज अशी कीं, आपण हीं दोन्ही मतें सोयीनें वापरतों. शिक्षा करावयाची असते तेव्हां ससा मनुष्यासारखा समंजस ठरतो. औषधपाण्याचा खर्च व त्रास पुढें आला कीं तोच ससा एक वस्तु होतो. १७८९ सालीं बेंथमनें या वादास योग्य वळण दिलें. प्राणी विचार करतो कीं नाहीं यापेक्षां त्याला दुःख होतें कीं नाहीं, हा प्रश्न त्यानें महत्त्वाचा मानला. आमच्या शिकविण्यांत हें वाक्य वर्षानुवर्षें होतें. जांभुळच्या पिंजऱ्यापाशीं तें आम्हांस आठवलें नाहीं.

मग त्या चावण्याचा अर्थ काय? मराठींत आपण दोन निराळ्या प्राण्यांना एकच नांव दिलें आहे. आपल्या माळावर उड्या मारतो तो तपकिरी रानससा; तो बीळ करीत नाहीं, गवतांत उघड्यावर बसतो, आणि त्याचीं पिल्लें जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. पिंजऱ्यांतला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळें खणून समूहानें राहणारा, आणि त्याचीं पिल्लें उघडीं व आंधळीं जन्मतात. बिळांत राहणाऱ्यास जागेचा अभिमान असतो. चवथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास मादी वयांत येते व आपल्या बिळाचें रक्षण करूं लागते. पिंजरा हेंच तिचें बीळ, आणि आंत शिरणारा हात हा घुसखोर. कधीं कधीं नराचा संबंध न येतांहि तिला खोटी गर्भावस्था प्राप्त होते. ती छातीचे केस उपटून घरटें करते, आणि त्या दोन-अडीच आठवड्यांत अधिकच तापट होते. शिवाय डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें तिला मागचें व वरचें पुष्कळ दिसतें, पण अगदीं नाकासमोरचें दिसत नाहीं. समोरून आलेलें बोट तिच्या दृष्टीनें एकाएकीं उगवतें. वरून उचलणारा हात तर घारीच्या झडपेहून निराळा कसा वाटावा? इतरांचें भक्ष्य होऊन जगलेल्या जातीजवळ बोलण्याचीं साधनें थोडीं असतात: मागचा पाय आपटणें, कान पाडणें, गुरगुरणें. एवढें बोलूनहि कोणी ऐकलें नाहीं म्हणजे दांत तेवढे उरतात. आपण शेवटचें वाक्य तेवढें ऐकतों आणि निकाल देऊन मोकळे होतों.

अर्थ कळला म्हणजे उपाय फारसा दूर राहत नाहीं. स्वभाव अचानक बदलला तर प्रथम पशुवैद्यास दाखवावें, कारण मुळाशीं पुष्कळदां वेदना असते. सशाचे दांत जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात. म्हणून वाळलेलें व हिरवें गवत हेंच मुख्य अन्न असावें. त्यानें एक दिवस अन्न टाकलें तरी तें गंभीर मानावें. पिंजरा झाडावयाचा तो ससा बाहेर असतां झाडावा. दार उघडून त्याला आपणहून बाहेर येऊं द्यावें. आपण जमिनीवर बसावें, हातांत कोथिंबिरीची काडी धरावी, आणि तो जवळ आला तर कपाळावरून हळूच हात फिरवावा. कान धरून उचलणें हा क्रूरपणाच होय. उचलणें भागच पडलें तर एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या पायांखालीं असावा, कारण धडपडींत त्याचा नाजूक कणा मोडूं शकतो. लहान मुलांनीं तर मुळींच उचलूं नये. माहीतगार वैद्याकडून नसबंदी करविली तर मादीचा तापटपणा आणि नराची भांडण्याची व मूत्र उडविण्याची खोड बहुधा पुष्कळ कमी होते. दोन अनोळखी ससे एकदम एकत्र कोंडूं नयेत. ते रक्त निघेपर्यंत भांडतात. विजेच्या तारा कुरतडतो म्हणून रागावण्यापेक्षां तारा उचलून ठेवाव्या, आणि कुरतडण्यास लांकूड व खणण्यास मातीची पेटी द्यावी. उन्हाळ्यांत त्याला तापलेल्या पत्र्याखालीं तर कधींच ठेवूं नये.

येथें कोणी म्हणेल, सशाच्या मनाचा एवढा विचार करावयाचा आणि मुलीचें बोट रक्तबंबाळ होऊं द्यावयाचें काय? शंका योग्य आहे. निरपराध म्हणून त्याचें सर्व सहन करावें असें आम्ही म्हणत नाहीं. मुलीस दूर ठेवणें, दार बंद करणें, जाड कापडानें हात झांकणें, हें सर्व न्याय्यच आहे. कारण तो बंदोबस्त आहे, शिक्षा नव्हे. तापांत बरळणाऱ्या रोग्याचे हात आपण धरतों, पण त्याच्या तोंडांत मारीत नाहीं. दोन्ही ठिकाणीं बळ वापरलें जातें; फरक असतो तो बळ वापरणाऱ्याच्या मनांत, आणि त्या फरकानेंच पुढचें सर्व ठरतें.

आतां आजोबांच्या सूचनेविषयीं. तींत दया होती, यांत शंका नाहीं. पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांत वाढलेल्या पांढऱ्या सशाला बारवीच्या रानांत सोडणें म्हणजे कुत्र्यांच्या, मुंगसांच्या आणि कोल्ह्यांच्या स्वाधीन करणें होय. पांढऱ्या रंगास तेथें लपण्यास जागा नाहीं, आणि रानससे हे त्याचे जातभाई नव्हेत. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूनें, १८५९ सालीं ऑस्ट्रेलियांत शिकारीच्या हौसेनें सोडलेल्या थोड्याशा सशांनीं एका खंडाच्या शेतीचा व रानाचा किती नाश केला, हें सर्वश्रुत आहे. बहुतेक वेळां सोडलेला ससा मरतो. क्वचित् जगला तर दुसऱ्यांस मारतो. अशा कृत्यास आपण मुक्ति हें नांव देतों, कारण खरें नांव उच्चारण्याचें धैर्य आपल्यास नसतें.

नामदेवांच्या भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्या कोणास तेथें चोरी दिसली असती. नामदेवांस कुत्र्याची भूक दिसली, आणि कोरडी भाकरी त्याला बाधेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागें धांवले. आमच्यासारख्यांच्या अंगीं ती संतवृत्ति कोठून येणार? पण दंड उगारण्यापूर्वीं, याला कोठें दुखतें आहे काय, एवढा प्रश्न विचारण्यास संत असावें लागत नाहीं.

जांभूळची मादी आतां बरी आहे. ती मांडीवर येऊन बसत नाहीं, आणि उचललेलें तिला अजूनहि खपत नाहीं. मुलगी जमिनीवर पुस्तक घेऊन बसते; मादी येते, तिच्या पावलास नाक लावते आणि निघून जाते. आम्ही मागें गेलों तेव्हां तिनें आपला जुना प्रश्न आम्हांसहि विचारला. ती वाईट झाली नव्हती, तिला दुखत होतें, असें आम्हीं सांगितलें. त्यावर मुलगी म्हणाली, "मग तुम्ही मारायला कां सांगितलें?" नीतिशास्त्राच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्हांस कळलें नव्हतें, एवढेंच उत्तर आम्ही देऊं शकलों.