गाडीचा आस

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी, डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्या घरी शिवणकाम करणारी बाई एके दिवशी फार खिन्न दिसली. वॉर्थिन यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, मी लवकरच मरणार, आणि कॅन्सरनेच मरणार. पोटाच्या, आतड्याच्या, नाहीतर गर्भाशयाच्या. आमच्या घरातली बहुतेक माणसं अशीच गेली. त्या दिवशी तिला काहीही झालेलं नव्हतं. चांगली धडधाकट होती.

वॉर्थिन पॅथॉलॉजिस्ट होते. कापून काढलेल्या अवयवाची पातळ चकती काचपट्टीवर रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि आजाराचं नाव सांगायचं, हे त्यांचं रोजचं काम. बाईचं बोलणं मनातली भीती म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं, तर त्या काळात कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी ते गंभीरपणे घेतलं. पण घराण्यात कोण कधी आणि कशाने गेलं, हे काचपट्टीवर दिसत नाही. ती माहिती नातलगांना विचारून विचारून त्या बाईनेच जमवली. १९१३ साली वॉर्थिन यांचा लेख छापून आला. त्यात या घराण्याला एका अक्षराने ओळखलं गेलं: ‘जी कुटुंब’. पुढे म्हातारपण येण्याआधीच ती बाई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. म्हणाली होती, तसंच झालं.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, म्हणूनच माणूस निवांत जगतो. या बाईला ते वाचता आलं होतं. मग तिने आयुष्याचं काय करायचं?

हा प्रश्न जुना आहे, आणि वैद्यकाच्या पोटातच जन्मलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की माणसाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं की नाही? शिकाऊ वैद्याने विचारावा असा यापेक्षा अवघड प्रश्न नसेल. आयुष्य ठरलेलंच असेल तर औषध कशाला कुटायचं? आत्रेय उत्तर देतात, की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असतं. पूर्वदेहात केलेलं ते दैव, या देहात करतो तो पुरुषकार. दैव दुबळं असेल तर प्रयत्न त्याला हटवतो. बलवान असेल तर ते प्रयत्नाला हटवतं. सगळंच ठरलेलं असतं, तर उधळलेल्या बैलापासून, हत्तीपासून बाजूला होण्याचीही कुणाला गरज पडली नसती. पुढे आत्रेय गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस आपली मुदत भरली की झिजून जातो. पण ओझं जास्त झालं, वाट खडकाळ असली, हाकणारा वाईट निघाला किंवा वंगण मिळालं नाही, तर तोच आस मध्येच मोडतो.

आत्रेयांनी दैवाला नाकारलं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. त्यांनी त्याला तोलायला घेतलं. अमुक रोग्याच्या बाबतीत दैव किती बळकट आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. वैद्याचं काम तिथूनच सुरू होतं.

वॉर्थिन मात्र दुसऱ्या वाटेला गेले. तरुणपणी सिनसिनाटीत संगीत शिकलेला हा बुद्धिमान माणूस. १९३० साली त्यांनी जीवशास्त्रज्ञाच्या श्रद्धेवर एक पुस्तकही लिहिलं. पण जी कुटुंबाच्या वंशावळीत त्यांना दिसला तो कमअस्सल वंश. त्यांच्या मते उपाय सुप्रजननाचा होता: अशा घराण्यांनी वाढू नये. त्या काळात अमेरिकेत हा विचार प्रतिष्ठित होता. ज्या वर्षी त्यांचा लेख आला, त्याच १९१३ मध्ये मिशिगनने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. ज्या बाईने विश्वासाने घरातली दुःखं एकेक करून सांगितली, तिच्या भाचरांनी जन्मूच नये असा निष्कर्ष त्यातून काढणं ही शास्त्राची चूक होतीच. त्याहून ती धर्माची चूक होती. दैव वाचता आलं, की माणूस स्वतःला देव समजू लागतो.

तोच कागद पुढे एका वेगळ्या माणसाच्या हाती आला. हेन्री लिंच सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून नौदलात शिरले, काही काळ त्यांनी मुष्टियुद्ध केलं, आणि मग ते डॉक्टर झाले. १९६२ च्या सुमारास ओमाहामध्ये त्यांच्यापुढे एक दारुडा रोगी आला. का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या घरात सगळेच आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार. तीन पिढ्यांच्या अंतराने तेच वाक्य पुन्हा उच्चारलं गेलं होतं. लिंच आणि समाजसेविका ॲन क्रश यांनी त्या नातलगांच्या घरोघरी जाऊन वंशावळी मांडल्या. १९६६ साली दोन घराण्यांवरचा त्यांचा लेख आला. मग मिशिगनमधून वॉर्थिन यांची जुनी कागदपत्रं त्यांच्याकडे सोपवली गेली, आणि १९७१ मध्ये जी कुटुंबाची गोष्ट पुन्हा पुढे सरकली. कॅन्सर आनुवंशिक असू शकतो यावर फारसा विश्वास नसलेल्या त्या काळात लिंच यांना संशोधनासाठी पैसा मिळवताना वारंवार नकार ऐकावे लागले.

१९९३–९४ मध्ये या आनुवंशिक आजारामागची जनुकं सापडली. त्या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. एमएसएच२, एमएलएच१ यांसारखी जनुकं त्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं तयार करतात. लिंच सिंड्रोममध्ये यांपैकी एखाद्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी प्रत शाबूत असेपर्यंत काम चालतं. आतड्याच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत तीही गेली, की चुका साचत जातात. २००० साली जी कुटुंबातला बिघाड नेमका एमएसएच२ मध्ये सापडला. आज पॅथॉलॉजिस्ट आतड्याच्या गाठीच्या कापावर ही प्रथिनं रंगवून पाहतो. पेशीच्या केंद्रकात तपकिरी रंग उमटला नाही, तर संशय घ्यायचा. वॉर्थिन यांना जे वंशावळीतून कळायला अठरा वर्षं लागली, त्याचा माग आता एका काचपट्टीवर लागतो. जगात अंदाजे तीनशे माणसांत एक अशी प्रत घेऊन जन्मतो. अपत्याकडे ती जाण्याची शक्यता निम्मी. आणि ती मिळालेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असंही नाही.

दैव किती बळकट, याचं मोजमाप फिनलंडमध्ये झालं. धोका असलेल्या २२ घराण्यांतल्या २५२ जणांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला गेला. दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करून घेणारे १३३ होते. त्यांच्यात ८ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, त्याने मेलं कुणी नाही. उरलेल्या ११९ मध्ये १९ जणांना झाला आणि ९ जण गेले. लिंच सिंड्रोममध्ये गाठ फार वेगाने कॅन्सरकडे झुकते, म्हणून आता तपासणी आणखी कमी अंतराने करायला सांगतात. आसाला वंगण घालायचं ते असं.

गावोगावी आजही ऐकू येतं, की मागल्या जन्मीचं पाप फेडतोय. रोग्याच्या कानावर हे वाक्य घालू नये. नकलेतल्या चुकीला पाप-पुण्य कळत नाही. सदोष प्रत मुलाकडे गेली म्हणून आईबापाने अपराधी वाटून घेण्याचंही कारण नाही. जिने आपल्या मुलाला काही दिलं नाही, अशी आई जगात नाही.

मात्र कर्मसिद्धांताला या गोष्टीत खरा पेच आहे, तो वेगळाच. त्या हिशेबात ज्याने केलं त्याने भोगायचं. शिवणकाम करणाऱ्या बाईने केलं, आणि तिला स्वतःला त्यातून काहीच मिळालं नाही. आत्रेयांच्या भाषेत तिचं दैव बलवान ठरलं. पण आपण वाचणार नाही अशी खात्री असतानाही तिने मृतांची नावं आणि कारणं जमवली, आणि त्या जमवलेल्या माहितीवर तिचं नावही ठाऊक नसलेली माणसं वाचली. एकाचा पुरुषकार दुसऱ्याच्या दैवावर चालतो का, हे अग्निवेशाने विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

त्याच घराण्यात जन्मलेल्या आणि तीच सदोष प्रत घेऊन जगणाऱ्या कॅनडातल्या कादंबरीकार एमी मॅके यांनी २०१९ मध्ये या घराण्याची कथा लिहिली. शतकभर वैद्यकीय लेखांमधून ती बाई ‘वॉर्थिन यांची शिवणकामवाली’ एवढीच होती. या पुस्तकात ती तिच्या नावाने येते.