आठवणही त्याचीच, विसरणंही त्याचंच

आजच्या चिंतनासाठी गीतेचा १५ वा अध्याय, १५ वा श्लोक. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जेवणाआधी हा अध्याय म्हणायची पद्धत होती, त्यामुळे श्लोक तोंडपाठ असतो, पण अर्थाशी आपण थांबत नाही. भगवंत म्हणतात, मी सगळ्यांच्या हृदयात बसलोय आणि स्मृती, ज्ञान व अपोहन ही तिन्ही माझ्यापासूनच येतात. अपोहन म्हणजे दूर होणं, विसर पडणं. आठवण ही देवाची देणगी हे पटकन पटतं. पण विसरणंसुद्धा त्याचंच?

हा प्रश्न मला दिवाळीच्या सुट्टीत अगदी समोरासमोर भेटला. गावच्या घराची डागडुजी काढली होती म्हणून आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. आत खरेदीखतं, जुने सातबारे, आजोबांची पारायणाची वही आणि सुतळीने बांधलेला आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा. ती पत्रं आजोबा आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या वाटणीच्या भांडणाची होती. त्या भांडणापायी दोन घरांचं येणंजाणं अनेक वर्षं बंद होतं. आत्ता कुठे चुलतकाका पुन्हा यायला लागलेत.

बाबा म्हणाले, "याचे फोटो काढून ग्रुपवर टाकू. खरं काय ते सगळ्यांना कळू दे."

आत्या म्हणाली, "अरे, भांडणारे दोघंही गेले. आता कोणाला कळवायचंय?"

"म्हणजे खरं लपवायचं?"

"लपवू नकोस. आधी सगळं वाच. मग ठरव."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी नेवाशाला गेलो, गावाहून तासाभराचा रस्ता. प्रवरेकाठचं हे ठिकाण तुम्हाला माहीत असेलच. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माउलींनी इथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. माउली ज्या खांबाला टेकून बसले, तो पैस खांब देवळाच्या गाभाऱ्यात उभा आहे. त्या खांबावर एक लेख कोरलेला आहे, देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. इतक्या शतकांनंतर दगडावर उरलंय काय, तर कुणीतरी दिवा तेवत ठेवायची सोय केली, एवढंच. बाबा त्या खांबापुढे बराच वेळ गप्प बसले.

ज्ञानेश्वरीचं पुढे काय झालं तेही इथे आठवायला हवं. हातानं नकला होत होत जवळजवळ तीनशे वर्षांत पाठ बिघडले, मधे दुसऱ्यांच्या ओव्या घुसल्या. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच फाइलच्या अनेक कॉपी, प्रत्येकीत वेगळे बदल आणि मूळ कोणती ते कुठेच नोंदलेलं नाही. नाथ स्वतः केवढे कवी! पण त्यांनी आपलं काही त्यात घातलं नाही, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी घालू नये म्हणून इशाराही देऊन ठेवला.

मला वाटतं, श्लोकातल्या शब्दांचा क्रम इथे उलगडतो. आधी स्मृती, मग ज्ञान, मग अपोहन. न वाचता फेकून देणं म्हणजे पळ काढणं. वाचून, समजून जे गळून पडतं ते अपोहन.

आणि दुसरी बाजूही आहे. जुन्या गावी गेलो की आपण सहज म्हणतो, "तेव्हा सगळे किती प्रेमानं राहायचे!" ही आपण घुसडलेली ओवी. राग जपणारा जुन्या पाठातली चूक जपतो, आणि नुसतं गोड आठवणारा नवी चूक भरतो. स्मरण या दोन्हींहून वेगळं असतं.

घरी आल्यावर बाबांनी सगळी पत्रं एका बैठकीत वाचली. मग पारायणाची वही उघडली. आजोबा प्रत्येक पारायणाची तिथी आणि श्रोते लिहून ठेवायचे. भांडणाची पत्रं भाद्रपदातली, आणि त्याच शकातल्या माघात श्रोत्यांमध्ये धाकट्या भावाचं नाव. आत्याला विचारलं तर म्हणाली, "यायचे की. एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण पोथीला यायचे."

जमिनीचे कागद बाबांनी फाइलला लावले. वहीच्या त्या पानाची प्रत चुलतकाकांना नेऊन दिली आणि पत्रांचंही सांगितलं, "हवी तर वाचा." काकांनी पान दोनदा वाचलं. पत्रं मागितली नाहीत. गठ्ठा आता आत्याकडे आहे, आणि तिनं त्याचं काय केलं हे कोणी विचारलेलं नाही.

आजचा अभ्यास छोटासा आहे. तुमच्याकडेही असा एखादा गठ्ठा असेल, ट्रंकेत नाहीतर जुन्या चॅटमध्ये. तो उघडण्याआधी हा श्लोक एकदा म्हणा. पूर्ण वाचा, स्वतःची ओवी घालू नका. आणि मग हृदयात बसलेल्यालाच विचारा, यातलं दिव्याच्या तेलासारखं काय आहे. तेवढं ठेवा.

राम कृष्ण हरी.